गिरणीवाल्याची बाजू

३ जुलै २०२५, गुरुवार

नवी वही काढायला निमित्त लागतं. आज मिळालं. देवनागरी या घरात आता माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. मुलगा विश्वेश तमिळमध्ये लिहितो, सून इंग्रजीत भांडते. त्यामुळे वहीला कुलूप नको.

दुपारी दारात एक मुलगी उभी. केस कापलेले, खांद्याला लॅपटॉपची पिशवी. म्हणाली, "चिन्नपाट्टी, मी विनुता. नागलक्ष्मीची नात."

चिन्नपाट्टी म्हणजे धाकटी आजी. मी कडी धरूनच उभी राहिले. नागक्का माझी सख्खी थोरली बहीण. ओरत्तनाडूला असते, टाऊन बसने तासाभराच्या आत. पण तिच्याकडचं माणूस आमच्या उंबऱ्यात जवळजवळ पन्नास वर्षांत आलेलं नाही. पोरीला उन्हात उभी तरी कशी करणार? आत घेतलं, ताक दिलं.

ती इथल्या एका कॉलेजात सिनेमा शिकवते म्हणे. शिकण्यासाठी सहा महिने जर्मनीत होती, तिथे शंभर वर्षांपूर्वीचा एक मुका सिनेमा पाहिला, त्याची प्रत मिळवून आणली. तो तंजावरात दाखवायचा आणि खाली उभं राहून कोणी तरी गोष्ट सांगायची. पूर्वी आपल्याकडे तंबूत सांगत असत तशी.

"मला जर्मन येतं असं तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं.

"जर्मन नको, चिन्नपाट्टी. कीर्तनासारखें सांगा. थोडें आपलें मराठी, थोडें तमिळ. तुमचे अप्पा सांगत तसें."

विचार करून सांगते म्हणाले. खरं म्हणजे तिचं ताक संपायच्या आत माझं ठरलं होतं. एप्रिलात शाळेतली हिंदीची नोकरी संपली. कीर्तनाला तर रामनवमी सोडून कोणी बोलवत नाही. चिपळ्या पितळी डब्यात पडून हिरव्या व्हायला लागल्या आहेत. पोर कोणाची हे मी मुद्दाम मनातून बाजूला सारलं.

८ जुलै, मंगळवार

सिनेमा चार वेळा पाहून झाला. गोष्ट लिहून ठेवते.

नदीकाठचं लहान गाव. परक्या राजाचं सैन्य येऊन गावात तळ ठोकून बसलेलं. शिपाई घराघरांत राहतात, कोंबड्या मारून खातात. गावचा तरुण मास्तर त्यांच्या विरुद्ध पत्रकं वाटतो आणि पळून गिरणीत लपतो. गिरणी एका म्हाताऱ्याची. मास्तर त्याचा होणारा जावई. थोरली मुलगी पिठाच्या पोत्याआड त्याला जेवण नेऊन देते. एक दिवस शिपाई थेट त्या पोत्यांपाशी येतात. मास्तर पकडला जातो. गाव म्हणतं, मुलीनेच फितुरी केली, कारण ती जत्रेत त्यांच्या एका अधिकाऱ्याबरोबर नाचलेली. देवळात सगळे तिच्याकडे पाठ करून उभे राहतात. आणि तिथेच रीळ तुटतं. पुढचा शेवटचा भाग जगात कोठेही उरलेला नाही, असं विनुता म्हणते.

आमच्या कीर्तनाचा एक नियम आहे. अप्पांनी तो आम्हां भावंडांना मारून मुटकून शिकवला. ज्याचं पात्र घ्याल त्याच्यासाठी "मी" म्हणून बोलायचं. "तो म्हणाला, ती म्हणाली" असं बाजूला उभं राहून सांगायचं ते बातमीपत्रात. राक्षस आला तरी त्याची बाजू पुरती मांडायची, अशी की ऐकणाऱ्याला क्षणभर वाटावं, बरोबर आहे याचं. मग हवं तर देवाने त्याला मारावं.

दुसरा नियम, शेवटचं मंगळ म्हणायच्या आधी कथा पुरी व्हायला हवी. कोणाला लोंबकळत ठेवून मंगळ म्हणणं म्हणजे जेवणाऱ्याला ताकभात न वाढता उठवणं. म्हणजे शेवट मला रचावा लागणार. कामाला लागते.

१४ जुलै, सोमवार

आज अप्पा फार आठवले. बाळकृष्णराव कीर्तनकार म्हणजे तंजावर ते कुंभकोणम नाव. खणखणीत आवाज, पिवळं उपरणं, कपाळाला गोपीचंदन.

सिनेमात एक लहानसा प्रसंग आहे, त्यामुळे असेल. म्हातारा गिरणीवाला आपल्या धाकट्या पोरीचा हात धरून परक्या सैन्याच्या साहेबाकडे जातो. पोरीला बाहेर बाकावर बसवून आत जातो, बाहेर येतो, तिला घेऊन घरी. मधे एक पाटी येते. विनुताने मराठीत करून सांगितलं त्याप्रमाणे, "दळणाचा परवाना हवा आहे, साहेब." बाकावर ती पोर पाय हलवत बसते आणि एकदाच सरळ आपल्याकडे बघते. तेवढी एक नजर मला दिवसभर सोडत नाही.

मला अप्पांनी असं हात धरून कोठे नेलं ते आयुष्यात एकदाच. आणीबाणीतला फाल्गुन. मी दहा-अकरा वर्षांची. नव्या चपला घ्यायला निघालो होतो. वाटेत एका बंगल्याच्या व्हरांड्यात मला बसवून ते कोणा साहेबांना भेटायला आत गेले. शिपायाने मला गुलाबपाण्याचा सोडा आणून दिला, आमच्याकडे पन्नीर सोडा म्हणतात तो. परत येताना अप्पांनी आपल्या उपरण्याने माझं तोंड पुसलं. रस्त्यावर धूळ फार होती, त्यांचे डोळे सारखे पाणावत होते. चपला राहूनच गेल्या, पण मला त्याचं काही वाटलं नाही. तेवढा सुखाचा दिवस मला लहानपणी दुसरा आठवत नाही.

दुसऱ्याच दिवशी सुखाला दृष्ट लागली. एकोजीअण्णा, आमचा एकुलता भाऊ, सरकारविरुद्ध पत्रकं छापल्यामुळे वेण्णारच्या पलीकडे एका काथ्याच्या गोदामात लपला होता. पोलीस थेट तिथे गेले. वर्षाने अण्णा सुटून आला तो खोकत आला. दोन पावसाळे काढले आणि गेला.

त्याला डबा पोचवणारी एकटी नागक्का. आणि महसूल कचेरीतल्या एका तमिळ कारकुनाशी ती देवळाच्या मागे बोलताना दिसलेली. सरकारी माणूस. पुढे त्याच्याशीच लग्न केलंन. मग आणखी काय पुरावा हवा? घरातल्यांनी तिचं नाव टाकलं. अप्पांच्या श्राद्धालासुद्धा तिला बोलावत नाही.

अप्पा मात्र शेवटपर्यंत तिच्याविरुद्ध एक शब्द बोलले नाहीत. तेवढं मोठं मन मी कोणाचं पाहिलं नाही. फक्त एक झालं, लंकेतल्या भावाने शत्रूकडे जाण्याचं आख्यान त्यांनी पुन्हा कधी लावलं नाही. लोक आग्रह करत, ते म्हणत, गळा साथ देत नाही.

१९ जुलै

थोरल्या मुलीचं "मी" चांगलं बसलं आहे. साहेबाचं तर फारच छान, मिशीला पीळ देत. म्हाताऱ्याचं बसत नाही. "परवाना द्या, साहेब" म्हणायला तोंड उघडलं की आवाज अप्पांचा निघतो. मी थांबते, पाणी पिते, पुन्हा म्हणते. पुन्हा तेच. आज स्वयंपाकघरातून सून धावत आली, "कोण आलंय?" म्हणून. कोणी नाही म्हटलं. तिने खुर्चीखाली वाकून पाहिलं. तमिळ मालिका बघून तिचं डोकं फिरलंय.

२३ जुलै, बुधवार

विनुताशी भांडण. शेवट तिला वाचून दाखवला. रीळ तुटल्यावर पडदा पांढरा राहतो, त्यापुढे मी थोरल्या मुलीच्या तोंडून कबुली देते. "होय गावकऱ्यांनो, मीच सांगितलं. मोहाला भुलले." मग पश्चात्ताप, मग नदी, मग देवाने तिला पदरात घेणं, आणि मंगळ. मृदंगावर मणी बसणार आहे, त्याला ऐकवलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

विनुताचे मात्र भरले नाहीत. "तिने सांगितलें असें सिनेमांत कोठें आहे?"

"मग कोणी सांगितलं?"

"मज ठाऊक नाहीं. कोणास ठाऊक नाहीं. म्हणून तर दाखवायचें."

"अग, कथा अशी अर्धी टाकून लोकांना घरी पाठवायचं? लोक चपला मारतील."

"चिन्नपाट्टी, तुम्हीं तिला बोलायला लावूलालांत. पडद्यावर ती तोंडसुद्धां उघडत नाहीं."

आगाऊ आहे. आजीवर गेली आहे. मी सांगितलं, माझ्या पद्धतीने नको असेल तर दुसरा कीर्तनकार शोध. तंजावरात दुसरा शोधायला गेली तर तिला राजवाड्यातल्या चित्रांपर्यंत जावं लागेल. लॅपटॉप मिटून गेली. दारात वळून विचारलंन, "त्या म्हाताऱ्याला परवाना मिळाला?" मी म्हटलं, मिळाला असेल, त्याचा सिनेमाशी काय संबंध.

२७ जुलै, रविवार

हनुमंतराव येऊन गेले. माझे थोरले चुलतभाऊ. आमच्या कुळात आता तेच कर्ते. अण्णा गेल्यापासून अप्पांचं श्राद्धही तेच करतात. यंदा ते पुढच्या महिन्यात अठरा तारखेला येतंय, त्याचं सामान ठरवायला आले होते.

शेवट ऐकवला. त्यांनी मांडीवर थाप मारली. "शाबास चंद्रू! आपले सगळे येतील असें बघतों. कळूं दे लोकांस. इतकीं वर्षें तोंडावर कोणी बोललें नाहीं."

कशाबद्दल ते मला कळलं, त्यांना कळलं, आणि दोघांनी कॉफी पिऊन टाकली. गोड मानून घ्यायला हवं होतं, पण ते गेल्यावर कसंसंच झालं. मी एका परदेशी गावातल्या गिरणीवाल्याच्या पोरीबद्दल लिहिलंय, असं स्वतःला दोनदा सांगितलं.

खरं लिहायचं तर नागक्काचा गळा माझ्यापेक्षा चांगला होता. अप्पांच्या मागे झांज घेऊन तीच उभी राहायची, अप्पांचा श्वास कोठे तुटणार ते तिला आधी कळायचं. ती गेली म्हणून ती जागा मला मिळाली. हे मी कधी कोणाला बोललेले नाही.

३ ऑगस्ट, रविवार

आडी पेरुक्कु, नदीच्या भरल्या पाण्याचा सण. सकाळी सगळ्यांबरोबर नदीवर गेले. पाणी दोन्ही काठ भरून होतं, बायका चित्रान्नाचे डबे उघडून पायऱ्यांवर बसलेल्या. विनुता मला तिथे शोधत आली. राग विसरली होती, नाहीतर विसरल्यासारखं करत होती.

"आजी येणार आहे," म्हणाली.

"कोठे?"

"सिनेमाला. मी सांगितलें, चिन्नपाट्टी गोष्ट सांगणार. ती दोन दिवस नुसता पाला खुडत बसली. मग म्हणाली, मागें बसेन."

मी विचारलं, शेवट कसा आहे ते सांगितलंस का. ती म्हणाली, नाही, ते तुमचं.

पायऱ्यांवरून चढताना गुलाबपाण्याचा वास आला, इतका जवळून की मी मागे वळून पाहिलं. कोणी तरी माझं मनगट धरलं आहे असं वाटलं. मोठ्या माणसाचा, घामेजलेला हात. पुरणाचा नैवेद्य घेऊन दोन मुली उभ्या होत्या, बाकी कोणी नव्हतं. बीपीची गोळी सकाळी राहिली होती, त्याने असेल.

७ ऑगस्ट

शेवट बदलावा का? बदलला तर हनुमंतराव म्हणतील, बहिणीला बघून वितळली. नाही बदलला तर ती मागच्या रांगेत बसून ऐकणार. पण मी का बदलावा? भाऊ आमचा गेला. तिने एकदा तरी येऊन म्हणायचं होतं, मी नाही सांगितलं म्हणून. एकदाही म्हटलं नाही. खरं असतं तर माणूस ओरडून सांगतं. शेवट आहे तसाच ठेवणार.

गिरणीवाला अजून बसलेला नाही. त्याच्या वाटचं दोन ओळींत उरकणार.

११ ऑगस्ट, सोमवार

काल झालं. लिहून टाकते.

मेल वीधी या रस्त्यावरचा संगीतसभेचा हॉल भरला होता. आपले मराठी लोक पुढे, हनुमंतराव पहिल्या रांगेत मधोमध, मागे कॉलेजची मुलं. नऊवारी नेसून, चिपळ्या घेऊन मी पडद्याच्या उजवीकडे उभी राहिले. सुरुवातीची पंचपदी म्हणून झाली. दिवे गेले. अगदी मागे, दारापाशी, एक पांढऱ्या केसांची बाई बसलेली मला दिसली आणि मी पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

सुरुवात रंगली. साहेबाच्या मिशीला लोक हसले. मुलगी पिठाच्या पोत्याआड जेवण ठेवते तिथे बायकांनी "अय्यो" म्हटलं. मणीने मृदंगावर असा हात टाकला की मला स्वतःलाच वाटलं, मी अजून संपलेली नाही.

मग तो प्रसंग आला. आजवर मी तो लॅपटॉपवर पाहिला होता, ताटलीएवढा. काल म्हातारा माझ्या दुप्पट उंच होता. दार उघडून तो बाहेर येतो. मी "परवाना मिळाला हो" म्हणायला तोंड उघडलं आणि त्याचे हात पाहिले. रिकामे. हातात कागद नाही, कोटाला खिसा नाही, काही नाही. तो वाकतो आणि बाकावरच्या पोरीचं तोंड आपल्या गळपट्ट्याने पुसतो. पोर आपल्याकडे बघते.

माझ्याकडे बघते.

मला कळलं. हळूहळू वगैरे नाही, एकदम. बंगल्याचा व्हरांडा, आतून आलेलं अप्पांचं तमिळ, दबलेलं, आणि अप्पांचे रिकामे हात. त्या दिवशी त्यांनी साहेबाकडून काही आणलं नव्हतं. देऊन आले होते.

चिपळ्या थांबल्या. मणीला वाटलं मी ओळ विसरले, त्याने बिचाऱ्याने ठेका धरून ठेवला. आणि मग मी बोलायला लागले. लिहिलेलं नव्हतं, पाठ नव्हतं. आवाज माझा नव्हता, आणि या वेळी मी त्याला अडवलं नाही.

"मी बाप आहें. साहेबांनी मज सांगितलें, आपण होऊन दाखवून द्या, दोन प्रश्न विचारूं, सोडूं. आम्हांस शोधावें लागलें तर गोळी घालूं. मी काय करूं? पोर वाचेल म्हणून आलों. पोर वाचेल असें त्यांनी देवाशपथ सांगितलें. धाकटीला बरोबर घेतली, कां कीं एकट्याचे पाय उचलेनात. आतां घरीं जाऊन थोरलीच्या तोंडाकडे कसा बघूं? ती बोलणार नाहीं. तीच बोलणार नाहीं, म्हणून मी वाचणार. असें वांचणें देवानें वैऱ्यालाही देऊं नये."

पुढचं मी कसं सांगितलं मला आठवत नाही. देवळात सगळे त्या मुलीकडे पाठ करून उभे राहिले, रीळ तुटलं, पडदा पांढरा झाला. तिची कबुली द्यायची वेळ. मी तोंड उघडलं. एक अक्षर आलं नाही. आमच्या घराण्यात कथा अर्धी टाकून कोणी असं उभं राहिलं नसेल. मंगळसुद्धा सुचेना.

तेव्हा मागून, दारापासून, मंगळाचा स्वर आला. म्हातारा, थोडा फाटलेला, पण सुरात पक्का. अप्पांचा श्वास तुटायचा तिथे जो स्वर मागून यायचा, तोच. मणीने मृदंग उचलला. मी चिपळ्या धरल्या आणि तिच्या मागे मागे म्हणत गेले. साथीला या वेळी मी होते.

दिवे लागले तेव्हा ती निघून गेली होती. विनुता एकटी दारात उभी राहून रडत होती.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सकाळच्या बसने ओरत्तनाडू. घर सत्रामागच्या, म्हणजे धर्मशाळेमागच्या, गल्लीत आहे हेसुद्धा मला विनुताला विचारावं लागलं. नागक्का ओसरीवर शेवग्याचा पाला खुडत बसली होती. मला बघून म्हणाली, "जेवून जा." जणू मी परवाच येऊन गेले होते.

मी उभ्याउभ्याच विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून."

"कोणी सांगितलं?"

तिने पाल्यातून मान वर केली. "तूच."

मी तिच्या शेजारी बसले. ती सांगत राहिली, हात थांबवला नाहीन. "त्या दिवशीं संध्याकाळीं तूं नाचत आलीस. अप्पांनी मज कोठें नेलें, कोण साहेब होते, सोडा कसा नाकांत गेला, सगळें सांगितलेंस. दुसरे दिवशीं अण्णाला नेलें. मज काय, दोन आणि दोन जोडतां येत नाहींत?"

"मग बोलली का नाहीस? अक्का, तुझं सगळं आयुष्य..."

"बोलून काय? अप्पा नाहीं म्हणाले असते. मग सगळ्यांनी तुला मधें उभी करून विचारलें असतें, बोल, कोठें गेलां होतां. तूं सांगितलेंही असतेंस. दहा वर्षांची पोर. बापाला तुझ्या तोंडानें फांशी? मग तुझें काय राहिलें असतें?" तिने देठ वेगळे केले. "मज तर नवरा मिळाला. चांगला होता तो."

मी इतकी वर्षं समजत होते की ती गुन्ह्यामुळे गप्प बसली. परवा रात्रीपासून वाटत होतं, अप्पांना वाचवण्यासाठी. माझ्यासाठी, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने "अग सोवळें, सोवळें" म्हणून पाय मागे घेतले, मग माझे केस कुरवाळले.

निघताना तिने बजावलं. "अप्पांचें नांव काढूं नकोस. ते अण्णाला वांचवायलाच गेले होते. मेल्या माणसाला आपली बाजू सांगतां येत नाहीं." मी म्हटलं, मग तुझं नाव? ती म्हणाली, माझ्या नावाला आता कोण विचारतंय, भाजी ने.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

दोन दिवस वही उघडली नाही. अप्पांच्या फोटोकडे बघवत नाही आणि न बघताही राहवत नाही. कधी वाटतं, बिचारे. कधी वाटतं, आयुष्यभर रोज संध्याकाळी हजार लोकांना धर्म सांगणाऱ्या माणसाला पोटच्या पोरीसाठी एक वाक्य बोलता येऊ नये? माझ्याच्याने दोन्ही गोष्टी एका वेळी सोसत नाहीत.

आज संध्याकाळी हनुमंतराव आले. कपाळाला आठ्या.

"हें काय केलेंस तूं? शेवट कां खाल्लास? आणि तो म्हातारा मधेंच काय बोलला? लोक विचारूलाले मज. नागलक्ष्मीला बघून भ्यालीस?"

मी कॉफी आणली. डबऱ्यात, त्या पसरट वाटीत, ओतली. अप्पांचं नाव माझ्या जिभेवर होतं. ते घेतलं असतं तर खरं बोलले असते आणि अक्काचं बजावणं मोडलं असतं. नाही घेतलं तर अक्का आहे तिथेच राहणार. त्या वेळी मी एवढंच पाहिलं, की ज्याचं कोणी बोलायला नाही त्याच्यासाठी "मी" म्हणायचं, याशिवाय मला दुसरं काही शिकवलेलंच नाही.

"हनुमंतण्णा, पोलिसांना मी सांगितलं," मी म्हटलं.

"काय बोलूलालीस?"

"मी. एका साहेबाने मला सोडा पाजला आणि विचारलं, तुझा अण्णा कोठे असतो. मी सांगून टाकलं. नागक्काला ठाऊक होतं. मला कोणी बोलू नये म्हणून तिने अंगावर घेतलं."

त्यांचा चेहरा सैल झाला. कॉफीचा घोट घेतला. "अय्यो, चंद्रू. केवढीशी होतीस तूं. तुला काय कळत होतें? मनांतून काढून टाक. झालें तें झालें."

झालं. एक टंबलर कॉफी संपायच्या आत मला माफी मिळाली. तिला एवढ्या वर्षांत एक घोटभर मिळाली नव्हती. मला भयंकर राग आला. त्यांचा आला, अप्पांचा आला, पण सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला, कारण मीही त्यांच्यातलीच एक होते.

"मग तिला फोन करा," मी म्हटलं. "आत्ता. माझ्यासमोर. सोमवारी श्राद्धाला बोलवा, तुमच्या तोंडाने."

त्यांनी चष्मा पुसला, इकडेतिकडे पाहिलं, कुरकुरले. मी नंबर लावून फोन त्यांच्यापुढे धरला, आवाज मोठा करून. पलीकडे अक्का "कोण" म्हणाली.

"मी हनुमंत, नागू." मग म्हणाले, "चंद्रूनें आतां सगळें सांगितलें. पोलिसांस तिनेंच सांगितलें होतें म्हणून. आम्हीं तुला उगीच... सोमवारी अप्पांचें आहे. तूं ये. तूं आलेंच पाहिजेस."

मला वाटलं, ती आता खरं बोलून टाकणार. खोटं ती कधी सहन करत नसे. हनुमंतराव "नागू? नागू?" करत राहिले.

मग तिचा आवाज आला, घाबराघुबरा, मोठ्या बहिणीचा. "तिला कोणी ओरडलें नाहीं ना? हनुमंतण्णा, तिला कांहीं बोलूं नका हां. लहान होती ती."

मी साठ वर्षांची बाई, हनुमंतरावांच्या देखत पदर तोंडात कोंबून रडले.